गेमिंग पीसीची हार्ड डिस्क रेंगाळतेय? विंडोज उडवण्याआधी हे बघा

इंदूरमध्ये कुणाचाही कॉम्प्युटर हळू झाला की पहिला सल्ला ठरलेला: ‘भिया, विंडो डलवा लो.’ कॉलनीतला दादा हेच सांगतो, दुकानातला मुलगाही हेच सांगतो. विंडोज नव्याने टाकली की आठवडाभर मशीन हलकं वाटतं. मग ऐंशी-शंभर जीबीचे गेम परत डाउनलोड होतात आणि लोडिंगचं चाक पुन्हा तसंच फिरत बसतं. कारण दुखणं नेमकं कुठे आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

‘डिस्क स्लो आहे’ या तक्रारीमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, डिस्क ठणठणीत आहे, पण भलतंच कुणीतरी तिला कामाला जुंपलंय. दोन, डिस्क आजारी आहे. तीन, डिस्क निरोगीच आहे, फक्त तिची धाव तेवढीच आहे आणि गेम तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. पहिल्यात खर्च नाही, दुसऱ्यात आधी डेटा वाचवायचा, तिसऱ्यात खिशात हात घालावाच लागतो. खालचा क्रम याच हिशेबाने लावलाय. विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून चालू.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, किंवा फोल्डर उघडताना मशीन गोठून राहत असेल, तर पुढचं काहीही करू नका. कामाच्या फाइली, घरचे फोटो, गेमचे सेव्ह दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर काढून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीची साधनं चालवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं. गेम परत डाउनलोड होतील, मुंजीचे फोटो होणार नाहीत.

पायरी १: दोष डिस्कचाच आहे का?

याची सगळ्यात सोपी परीक्षा गेममध्येच होते. ज्या गल्लीत, ज्या वळणावर गेम अडखळतो तिथून एकदा जा, मागे फिरा आणि लगेच परत त्याच वाटेने जा. एकदा वाचलेल्या फाइली विंडोज मोकळ्या रॅममध्ये ठेवून देते. त्यामुळे पहिल्या फेरीत अडखळलं आणि दुसऱ्या फेरीत सुरळीत गेलं, तर संशय डिस्कवर. दोन्ही वेळा तितकंच अडखळत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा त्यांची गरमी बघा.

भिंती आधी धूसर दिसणं आणि मग हळूहळू स्पष्ट होणं, मॅच सुरू झाल्यावर बाकीचे धावायला लागले तरी आपण लोडिंगवरच असणं, मोठ्या नकाशात गाडी वेगात चालवताना अचानक झटका बसणं, ही डिस्कची लक्षणं. एकूणच एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी मिळणं हे डिस्कचं लक्षण नाही. नवी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, वेगवान डिस्क) लावली म्हणून ४० चे ६० एफपीएस होत नाहीत. दुकानात कुणी तसं सांगितलं तर हसून पुढे जा.

आणि लोडिंग लांबलं म्हणजे डिस्कच, असंही नाही. जीटीए ऑनलाइनचं कित्येक मिनिटांचं लोडिंग वर्षानुवर्षं लोक डिस्कच्या नावावर खपवत होते. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रामरने खोदून पाहिलं तेव्हा कळलं की गेम १० एमबीची एक यादी इतक्या वेड्यावाकड्या पद्धतीने वाचत होता की प्रोसेसरचा एक कोअर त्यातच गुंतून पडायचा. त्याने ते सुधारलं आणि त्याचं लोडिंग सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ते मान्य करून त्याच वर्षी मार्चमध्ये अपडेट दिलं. तोवर किती जणांनी त्या लोडिंगपायी नवीन डिस्क घेतल्या असतील, देव जाणे.

पायरी २: टास्क मॅनेजर नीट वाचायला शिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये जाऊन डाव्या बाजूला डिस्क निवडा. नवखा माणूस फक्त ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के’ बघतो आणि घाबरतो. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या खाली वाचण्याचा-लिहिण्याचा वेग आणि ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो. हे तिन्ही मिळून वाचायचे.

१०० टक्के आणि वेग १२०-१५० एमबी प्रतिसेकंद: डिस्क जीव तोडून काम करतेय, तिला दोष देऊ नका. तिच्याकडून काम कोण करून घेतंय ते शोधा.

१०० टक्के आणि वेग एक-दोन एमबी: डिस्क इकडून तिकडे उड्या मारण्यातच दमलीय, किंवा आजारी आहे. रिस्पॉन्स टाइम वीस-तीस मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर पहिली शक्यता. तो सतत हजाराच्या वर जात असेल आणि विशेष काही चालू नसेल, तर सरळ पायरी ५ वर जा.

या उड्यांचा हिशेब एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि हेडला योग्य वर्तुळावर पोचायला साधारण ९. म्हणजे एका उडीला १३ मिलिसेकंद, सेकंदाला पाऊणशे उड्या. प्रत्येक उडीत ४ केबीचा तुकडा उचलला तर सेकंदाला ३०० केबी, अर्धा एमबीसुद्धा नाही. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत दहा जणांना दहीवडाच हवा असेल तर एका दुकानातून पाच मिनिटांत काम होतं. एकाला भुट्ट्याचा कीस, एकाला गराडू, एकाला जलेबा हवा असेल तर खाण्यापेक्षा चालण्यातच वेळ जातो. डिस्कचं नेमकं हेच होतं. सलग मोठी फाइल ती झपाट्याने वाचते, हजारो बारक्या फाइलींपुढे हात टेकते. आणि गेम हे बहुतेक बारक्या तुकड्यांचंच काम आहे.

पायरी ३: तिला राबवतंय कोण?

टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेसमध्ये ‘डिस्क’ या मथळ्यावर क्लिक केलं की जास्त वापरणारे वर येतात. आणखी खोलात जायचं तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, त्यातलं डिस्कचं पान उघडा. तिथे कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलवर तुटून पडलाय हे फाइलच्या नावासकट दिसतं. माझ्या मते विंडोजमधलं हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी पान आहे.

मशीन सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं बघू नका. तेव्हा अपडेट, सर्च इंडेक्सिंग, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) सगळे एकदमच उठतात. चहा होऊ द्या, मग बघा. नेहमीचे गुन्हेगार हे:

स्टीम आणि एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानांची अपडेट. इथे बरेच जण फसतात. अपडेट २ जीबीचं असलं तरी स्टीम जुन्या मोठ्या फाइली वाचून नव्याने लिहितं, त्यामुळे डिस्कवर त्याच्या कितीतरी पट काम पडतं. स्टीमच्या डाउनलोड पानावर नेटचा आणि डिस्कचा आलेख वेगवेगळा दिसतो. नेट शून्यावर आणि डिस्क वर असेल तर फायबरवाल्याला फोन करून भांडू नका, अडलंय ते घरातच. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्समध्ये जाऊन ‘गेम चालू असताना डाउनलोड’ची परवानगी काढून टाका आणि अपडेटची वेळ पहाटेची ठेवा.

विंडोज अपडेट. त्याच्या प्रगत पर्यायांत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ असतं. इतर कॉम्प्युटरांशी देवाणघेवाण बंद करा.

सिसमेन, म्हणजे पूर्वीचं सुपरफेच. नेहमी लागणारे प्रोग्राम हे आधीच रॅममध्ये आणून ठेवतं. कमी रॅमच्या मशीनवर हे कधी कधी डिस्कला दमवतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन थांबवा, दोन-तीन दिवस खेळून बघा. फरक पडला नाही तर परत चालू करा, उगाच बंद ठेवू नका.

डिफेंडर. गेमचं फोल्डर तपासणीतून वगळता येतं, पण ते फक्त पैसे देऊन, अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या गेमसाठी. क्रॅक केलेल्या गेमसोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, तेव्हा तुम्ही चोराच्या हातात किल्ली देत असता.

याच पायरीत एक इंदुरी, किंबहुना देशी समजूत मोडून काढतो. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. मग ‘सी वर लोड नको’ म्हणून गेम डी मध्ये टाकले जातात. भाग कितीही पाडा, डिस्क एक आणि हेडांचा दांडाही एकच. विंडोज एका टोकाला आणि गेम दुसऱ्या टोकाला असेल तर हेडची धावपळ उलट वाढते. शिवाय डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत येते आणि बाहेरची वर्तुळं मोठी असल्याने तिथला वेग जास्त. सगळ्यात शेवटच्या भागात तो जवळपास निम्म्यावर येतो. हौसेने ई ला ‘गेम्स’ नाव देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी ४: रॅम पुरतेय का?

बऱ्याचदा डिस्क बदनाम होते आणि चूक असते रॅमची. ८ जीबीच्या मशीनवर आजचा मोठा गेम, मागे क्रोमच्या वीस टॅब आणि डिस्कॉर्ड चालू ठेवलं की रॅम भरते. मग विंडोज उरलेला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि पुन्हा पुन्हा आणते. रिसोर्स मॉनिटरमध्ये पेजफाइलचं नाव सतत वर दिसत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर निदान झालं. आधी क्रोम बंद करून खेळून बघा. फरक पडला तर पहिला पैसा रॅमवर घाला. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून आपल्या मदरबोर्डात कोणती आहे ते बघूनच दुकानात जा. पेजफाइल बंद करण्याचा सल्ला देणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. करू नका, डिस्क शांत होईल आणि गेम मधेच कोसळेल.

पायरी ५: डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या कार्टून मुलींच्या चित्रांच्या आवृत्त्याही आहेत, साधी घेतली तरी चालते. उघडल्यावर वर ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असं लिहिलेलं दिसेल. पण ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, खालच्या यादीतल्या चार ओळी स्वतः बघा.

०५, म्हणजे रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर: खराब झाल्याने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे कप्पे. सी५, करंट पेंडिंग: वाचताना अडलेले, अजून निर्णय न झालेले. सी६, अनकरेक्टेबल: वाचताच न आलेले. या तिन्हींसमोर शून्य असायला हवं. ०५ मध्ये एखादा छोटा आकडा असेल आणि महिनोन्‌महिने तिथेच असेल तर लक्ष ठेवून वापरता येते. सी५ वाढत असेल तर मात्र तेच तुमच्या अडखळण्याचं कारण असण्याची दाट शक्यता आहे, कारण अडलेला सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तोवर गेम ताटकळतो. अशा डिस्कवर डागडुजी नको, डेटा काढा आणि तिला निवृत्त करा.

चौथी ओळ सी७, सीआरसी एरर. ही डिस्कची नव्हे, वायरीची तक्रार असते. मशीन बंद करून प्लग काढा, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा, जमल्यास नवीन केबल घालून बोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा. हा आकडा मागे येत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला म्हणजे काम झालं. नव्या डिस्कच्या पैशात सुटणारं दुखणं इथे एका स्वस्त केबलवर सुटतं, म्हणून हे आधी बघायचं.

दोन खुलासे. यातले मूळ आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले दिसतात. फंक्शन मेन्यूतल्या प्रगत पर्यायांत जाऊन ते दशमान करून घ्या. आणि सीगेटच्या डिस्कवर ‘रीड एरर रेट’समोर कोट्यवधींचा आकडा दिसला तरी घाबरू नका, त्यांची ती मोजण्याची रीत आहे.

वरच्या चार ओळी स्वच्छ असतील तरच विंडोजची तपासणी चालवा: ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. वीज गेल्याने फाइलींच्या नोंदी बिघडल्या असतील तर त्याने दुरुस्त होतात.

पायरी ६: ऊन, धूळ आणि वीज

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि गेमिंगचा पीसी बहुधा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पडद्यामागे, भिंतीला चिकटून असतो. साध्या डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा बहुतेक ६० अंश असते. तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच दिसतं. तासभर खेळल्यावर ५० च्या पुढे जात असेल तर कॅबिनेट भिंतीपासून हलवा आणि पुढची जाळी साफ करा. शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात नाव काढतंय; पंख्याच्या पात्यांपर्यंत ती मोहीम पोचवायला हरकत नाही. डिस्क ग्राफिक्स कार्डच्या गरम हवेत येत असेल तर तिला खालच्या खणात टाका.

पावसाळ्यातली वीज हा दुसरा शत्रू. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धी राहते. यूपीएस घ्या, पण हिशेब करून. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना मॉनिटरसकट मशीन त्याहून जास्त ओढत असेल तर वीज जाताच यूपीएसही जातो आणि माणूस म्हणतो यूपीएस खराब निघाला.

पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क’ बहुधा २० मिनिटांवर असतं. गेम वेगळ्या डिस्कवर असेल आणि काही सेकंदांचा एकच लांब झटका अधूनमधून बसत असेल, तर ही झोपेतून उठणारी डिस्क आहे. तिथे शून्य लिहा. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर ती निळ्या पोर्टमध्ये आहे ना, बघा. जुन्या यूएसबी २ पोर्टवर ३०-४० एमबीच्या पुढे जात नाही.

पायरी ७: जागा आणि डीफ्रॅग

डिस्क गळ्यापर्यंत भरू देऊ नका, १५-२० टक्के मोकळी ठेवा. मग स्टार्टमधून ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून डीफ्रॅग करा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लागतात. हे फक्त तबकडीच्या डिस्कसाठी. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेची आवराआवर) करते, बाहेरचं कुठलंही डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर तिला लावू नका. डीफ्रॅगने फरक थोडाच पडेल. ‘पीसी बूस्टर’ वगैरे नावाच्या वस्तूंकडे बघूही नका.

पायरी ८: आता खर्च

इथवर येऊन डिस्क निरोगी, रॅम पुरेशी आणि तरी गेम रेंगाळतोय, तर ही तिसरी गोष्ट. बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफिल्ड हे २०२३ चे गेम किमान गरजेतच एसएसडी मागतात. सायबरपंक २०७७ च्या निर्मात्यांनी त्याच वर्षी हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला. अशा गेमवर वरच्या सात पायऱ्या म्हणजे वेळकाढूपणा.

साटा एसएसडी सलग वाचनात ५५० एमबीपर्यंत जाते, म्हणजे डिस्कच्या तीन-चार पट. पण खरा फरक बारक्या तुकड्यांत आहे: जिथे डिस्क एक एमबीच्या आत अडकते तिथे साधी एसएसडीही वीस-तीस एमबी देते. म्हणूनच जुना बोर्ड साटा २ चा असला तरी एसएसडी घ्या. सलग वेग निम्मा मिळेल, बारक्या तुकड्यांचा फायदा जवळपास पूर्ण. ‘आधी बोर्ड बदला’ हे ऐकू नका.

एम.२ (थेट बोर्डवर बसणारी, पट्टीसारखी एसएसडी) घ्यायची तर बोर्डचं माहितीपुस्तक आधी वाचा. त्या खाचेत काही बोर्ड फक्त साटा घेतात, काही एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकार), काही दोन्ही. काही बोर्डांवर एम.२ भरली की एखादं साटा पोर्ट आपोआप बंद होतं आणि लोक समजतात जुनी डिस्क गेली. दुसऱ्या पोर्टात लावा, परत दिसेल.

इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये खरेदीला गेलात तर बिल आणि वॉरंटी घ्याच. स्वस्तात हार्ड डिस्क मिळत असेल तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो लावून ‘पॉवर ऑन अवर्स’ बघायला मागा. वर्षाचे तास ८,७६०. तिथे तीस हजार दिसले तर ती बहुधा सीसीटीव्हीसारख्या ठिकाणाहून निघालेली, रात्रंदिवस राबलेली डिस्क आहे. नवी हार्ड डिस्क साठवणुकीला घेत असाल तर मॉडेल एसएमआर आहे का ते कंपनीच्या यादीत पाहा. त्यात वर्तुळं कौलांसारखी एकमेकांवर चढवलेली असतात, त्यामुळे मोठं लिखाण लांबलं की वेग कोसळतो. २०२० मध्ये ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर मोठ्या कंपन्यांनी अशा मॉडेलांच्या याद्या जाहीर केल्या. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, अविश्वसनीय दरातल्या अनोळखी ‘१६ टीबी’ एसएसडी खोट्या असतात, मेसेज पुढे पाठवणारा मामा असला तरी.

विंडोज एसएसडीवर न्यायची दोन पद्धतींनी: जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करा, आजारी असेल तर नवीन विंडोज टाका. शेवटी ‘विंडो डलवाना’ इथे कामाला आलं. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे मशीन कुठून उठतंय याचा गोंधळ होत नाही.

सगळे गेम एसएसडीवर कोंबायची गरज नाही. सध्या खेळताय ते दोन-तीन तिथे, बाकीचे जुन्या डिस्कवर. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’मधून फोल्डर हलवता येतं, परत डाउनलोड करावं लागत नाही. जुने, आटोपशीर गेम, सिनेमे आणि फोटो यांना तबकडी अजूनही पुरते.

जुनी डिस्क एक्सचेंजमध्ये देणार असाल तर देण्याआधी तिला फुल फॉर्मॅट करा. ‘क्विक’समोरची खूण काढली की विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहिते. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात, रात्री लावून ठेवा. आजारी डिस्क फॉर्मॅट पूर्णच करत नसेल तर ती एक्सचेंजमध्ये देऊ नका. तबकड्यांतून ड्रिलने आरपार भोकं पाडा आणि मगच भंगारात टाका.